रोजचे ४६ किमी आणि महिन्यातून दोनदा २१० किमी: मोठी बॅटरी घेऊ की घरचं चार्जिंग नीट करू?

रोजचा_फेरा

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल वाचतोय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून सरळ माझी परिस्थिती मांडतो.

घर ते ऑफिस २३ किमी, जाऊन येऊन ४६. आठवड्यातले सहा दिवस. मधेच मुलीचा क्लास, बाजारहाट, सगळं धरून ५५ च्या वर क्वचितच जातं. महिन्यातून दोनदा आईवडिलांकडे जातो, एका बाजूने २१० किमी, जवळजवळ सगळा हायवे. शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. वडिलांची तब्येत बरी नसते त्यामुळे फेरी चुकवता येत नाही आणि कधीतरी रात्री फोन आला तर तसंच उठून निघावं लागेल. खरी धास्ती त्याचीच आहे, बाकी रोजचं काय होईल ते होईल.

खाली पार्किंगमधे माझ्या जागेमागच्या भिंतीवर १६ अँपचं एक सॉकेट आहे, माझ्याच मीटरवरचं, बरीच वर्षं कोणी वापरलेलं नाही. गाडीत दोन बॅटऱ्या मिळतात, एक ४० युनिटची (४० किलोवॅट-तास म्हणतात ती) आणि दुसरी ६० ची. शोरूमवाले म्हणाले मोठीच घ्या, आणि भिंतीवरचा ७ किलोवॅटचा चार्जर बसवल्याशिवाय तर घेऊच नका, साध्या सॉकेटवर गाडी भरायला वीस तास लागतील. वीस तास ऐकून बायको म्हणाली मग राहू दे.

तर मोठी बॅटरी खरंच लागेल का, साध्या सॉकेटवर भागेल का, आणि रोज रात्री प्लग लावला तर बॅटरी लवकर खराब होते हे खरं का? ज्यांनी स्वतः वापरलीये त्यांनी सांगा प्लीज.

हिशोबी_चालक

चार वर्षं झाली मला, ७८ हजार किमी, त्यामुळे अनुभवावरून सांगतो.

वीस तासांचा आकडा बरोबर आहे पण तुमच्या कामाचा नाही. रिकामी गाडी पूर्ण भरायची तर वीस तास, पण तुमची गाडी रोज रिकामी कुठे होणार आहे? पेट्रोलच्या गाडीची सवय अशी असते की टाकी तळाला जाऊ द्यायची आणि मग जाऊन भरायची, त्यामुळे डोक्यात पहिला प्रश्न येतो "भरायला किती वेळ". इथे प्रश्न उलटा आहे, गाडी प्लगपाशी किती वेळ उभी असते? ती तुमच्याकडे रात्रभर उभीच आहे.

हिशोब करून दाखवतो. मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटला साधारण ७ किमी देते, हात हलका असेल तर ८ पण मिळतात. ४६ किमीला म्हणजे साडेसहा युनिट. चार्जरमधे आणि गाडीत थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतून साडेसात धरा. गाडीबरोबर जो वायरवाला चार्जर येतो तो १० अँपचा धरू, २३० व्होल्टला १० अँप म्हणजे २.३ किलोवॅट. साडेसात भागिले २.३, सव्वातीन तास झाले. रात्री अकराला लावलात तर सव्वादोनला काम संपलं, आणि सकाळी निघेपर्यंत गाडी पाच तास नुसती उभी.

माझा आग्रह एवढाच की गाडी बुक करायच्या आधी पंधरा दिवस एक काम करा. रोज रात्री गाडी लावली की किलोमीटरचं रीडिंग आणि वेळ लिहायची, सकाळी निघाल्याची वेळ पण लिहायची. फोनमधे नोट ठेवा, नाहीतर एक वही गाडीतच टाका. लोक गाडी निवडतात ती वर्षातल्या सगळ्यात लांबच्या प्रवासाकडे बघून, आणि वापरतात मात्र रोजच्या फेऱ्यांना. मी पण तेच केलं, मोठी बॅटरी घेतली, आणि आता माझी नोंद बघतो तर ४० टक्क्यांच्या खाली गाडी वर्षातून सात-आठ वेळाच जाते. बाकीचे दिवस ते जास्तीचं वजन घेऊन फिरतोय.

प्लगविना

वरचं सगळं पटतंय पण एक गोष्ट आवर्जून सांगते, हा सगळा हिशोब घरी प्लग असणाऱ्याचा आहे. माझ्याकडे नाहीये. तिसऱ्या मजल्यावर राहते, गाडी रस्त्यावर लावते, रोज जागा मिळेल ती. दोन वर्षं अशी काढली आणि तोच लोकांना सांगायचा विषय आहे कारण याबद्दल कोणी बोलत नाही.

माझं चार्जिंग आठवड्यातून दोनदा होतं. एकदा ऑफिसच्या पार्किंगमधे, तिथे ७ किलोवॅटचे दोन पॉइंट आहेत आणि सोळा गाड्या, त्यामुळे वार ठरवून घेतलेत, माझा बुधवार. आणि एकदा शनिवारी फास्ट चार्जरवर, भाजी-किराणा आणेपर्यंत. फास्टवर दर घरच्यापेक्षा जास्तच असतो आणि जागा रिकामी मिळेलच असं नसतं. बुधवारी सुट्टी आली किंवा कोणी गाडी काढायला विसरलं की माझा पूर्ण आठवडा हलतो. म्हणून मी मोठी बॅटरी घेतली आणि माझ्यासाठी ती बरोबर ठरली, कारण माझी बॅटरी म्हणजे आठवड्याचा साठा आहे, घरी प्लग असलेल्याची बॅटरी म्हणजे एक दिवसाचा साठा.

रोजचा_फेरा, तुमच्याकडे स्वतःच्या मीटरवरचं सॉकेट आहे हे किती मोठं भाग्य आहे ते शोरूममधे कोणी सांगणार नाही. ते आधी नीट करून घ्या, गाडीचा रंग नंतर ठरवा.

तारजोड

मी वायरिंगची कामं करतो, वीस वर्षं झाली, आणि गेली काही वर्षं अर्धी कामं चार्जिंगचीच येतायत. ताई शेवटचं वाक्य बोलल्या तिथून मी पुढे सुरू करतो.

"१६ अँपचं सॉकेट आहे" यावर लगेच विसंबू नका दादा. सॉकेटवर १६ लिहिलेलं असतं म्हणजे ते १६ अँप थोडा वेळ सोसतं, इस्त्री, गिझर वगैरे थर्मोस्टॅटवर चालू-बंद होत राहतात, मधे गार व्हायला वेळ मिळतो. गाडी तसं करत नाही. ती चार-पाच तास, कधी दहा तास सलग एकसारखा करंट ओढते. घरात दुसरं असं काहीच नसतं.

माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी मी पण जुन्याच बोर्डवर लावायचो, म्हटलं आपलंच वायरिंग आहे. एका सकाळी टॉप (म्हणजे वायरचा प्लग) काढायला गेलो तर निघेना. जोर लावून काढला तर न्यूट्रलची पिन तपकिरी झालेली आणि सॉकेटचं प्लास्टिक तिच्याभोवती मऊ होऊन चिकटलेलं. मागे उघडून बघितलं, स्क्रू अर्धा आटा सैल. फक्त अर्धा आटा. एमसीबी पडला नाही कारण करंट जास्त नव्हताच, करंट बरोबरच होता, जोड खराब होता. सैल जोडाचा रोध समजा ०.१ ओहम झाला, १६ अँपला तिथे २५ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न सॉकेटच्या आत रात्रभर लावून ठेवल्यासारखं आहे ते. १० अँपला तेच १० वॅटवर येतं, म्हणून जुन्या जागी १० वर चालवणं कधीही बरं.

तर काय करायचं. सॉकेट नवीन, चांगल्या प्रतीचं औद्योगिक वापराचं बसवा, घरातल्या बोर्डावरचं नको. त्याला मीटरपासून वेगळी लाइन आणा, मधे दुसरा एकही पॉइंट नको. तांब्याची वायर, जवळ असेल तर २.५ चौरस मिमी चालते पण मी कायम ४ ची ओढतो. पार्किंग खाली, मीटर लांब, ३० मीटर अंतर असेल तर २.५ च्या वायरमधे १६ अँपला ७ व्होल्ट वाटेतच जातात आणि ती वायर रात्रभर कोमट राहते. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात लावू नका आणि गुंडाळलेल्या वायरचं रीळ तर त्याहून नको, आतल्या फेऱ्यांची उष्णता बाहेर पडतच नाही. पहिल्या रात्री तासाभराने खाली जाऊन टॉपला हात लावून बघा. कोमट चालतं, हात काढून घ्यावासा वाटला तर बंद करा.

आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. साधा जुन्या प्रकारचा पुरत नाही, कारण गाडीकडून डीसी गळती येऊ शकते आणि ती आली की साधा आरसीसीबी जणू झोपी जातो, खरी गळती झाली तरी पडत नाही. टाइप ए घ्या आणि चार्जरमधे ६ मिलीअँप डीसी गळती ओळखायची सोय आहे का ते विचारा, नसेल तर टाइप बी लागतो, तो महाग असतो.

७ किलोवॅटचा चार्जर म्हणजे ३२ अँप. त्याला ६ चौरस मिमी वायर, ४० चा एमसीबी आणि मंजूर लोड तेवढा हवा, वर घरात एसी, गिझर एकदम चालू असेल तर काय होईल ते पण बघावं लागतं. तुमच्या ४६ किमीला त्याची गरज नाही. वायर मात्र आत्ताच ६ ची ओढून ठेवली तर उद्या चार्जर बदलला तरी भिंत परत फोडायला लागत नाही. वायरचा खर्च एकदाच होतो.

सेल_आणि_पॅक

बॅटरीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी लिहितो, हा माझा रोजच्या कामातला विषय आहे.

रोज प्लग लावणं म्हणजे रोज एक सायकल (बॅटरी एकदा पूर्ण वापरून पूर्ण भरणं), असं लोक मोबाइलच्या अनुभवावरून धरून चालतात. तसं मोजत नाहीत. तुम्ही रोज १६ टक्के वापरून १६ टक्के भरलेत तर सहा दिवसांनी एक पूर्ण सायकल होते. ४० युनिटची बॅटरी एका पूर्ण भरण्यात २५० किमी देते असं धरा, हजार सायकलला अडीच लाख किमी होतात. तुमच्या वापराला ते दहा वर्षांच्या आसपास जाईल. आणि थोडं थोडं वापरून थोडं थोडं भरणं हे सेलला पूर्ण रिकामं करून पूर्ण भरण्यापेक्षा सोसवतं, उलट नाही.

बॅटरी म्हातारी होते ती जास्त करून उष्णतेने आणि खूप वेळ शंभर टक्क्यांवर उभी राहिल्याने. गाडी शंभरला भरून आठवडाभर उन्हात सोडून जाणं हे रोज रात्री प्लग लावण्यापेक्षा वाईट.

आता खरा महत्त्वाचा मुद्दा. बॅटरी किती युनिटची याच्या आधी विचारा ती कुठल्या प्रकारची. एलएफपी म्हणजे लोखंड-फॉस्फेटची, की एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची. एलएफपीचा शोध १९९७ साली गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आला, तेच गुडइनफ ज्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हा प्रकार वजनाच्या मानाने वीज कमी साठवतो पण सायकली जास्त सोसतो आणि तापला तरी त्याची रचना सहजी मोडत नाही. त्याचा एक गुण मात्र चालवणाऱ्याला त्रास देतो, मधल्या टप्प्यात सेलचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, ३.२-३.३ च्या आसपास, त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला ३५ टक्के आहे की ६५ हे व्होल्टेजवरून कळत नाही, तो करंट मोजत मोजत अंदाज बांधतो आणि दिवसेंदिवस थोडा चुकत जातो. म्हणून एलएफपीला आठवड्यातून एकदा तरी शंभरपर्यंत भरा असं सांगतात, तिथे व्होल्टेज एकदम वर चढतं आणि हिशोब जुळतो. एनएमसीला उलट, रोज ८० वर थांबा, लांब जायच्या आदल्या रात्रीच शंभर करा.

तुमची रात्रीच्या फोनची धास्ती याला जोडून बघा. एनएमसी घेतलीत तर गाडी रोज सकाळी ८० वर असेल, एलएफपी असेल तर १०० ठेवलीत तरी फार काळजी नाही. ४० ची एलएफपी शंभरावर आणि ५० ची एनएमसी ८० वर, हातात वीज तेवढीच, ४० युनिट. शोरूमच्या तक्त्यात ते दिसत नाही.

थंडीत मात्र एक. शून्याच्या खाली तापमान गेलं की सेल पटापट चार्ज करू देत नाही, करू दिलं तर लिथियम धातूचा थर आत जमतो आणि नुकसान कायमचं होतं, म्हणून गाडी आधी बॅटरी गरम करते आणि मग घेते. जिथे थंडी कडक असते तिथे रेंजचा हिशोब वेगळा करावा लागतो, हीटर पण बॅटरीतूनच चालतो.

रोजचा_फेरा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

नोंद केली, पंधरा दिवस, खरंच वही गाडीत टाकली होती. सरासरी ४९ किमी निघाली, सगळ्यात जास्त ७१, ते मुलीला एकदा दुसऱ्या क्लासला सोडलं त्या दिवशी. गाडी लावायची वेळ सव्वाआठ ते साडेदहा, निघायची पावणेआठ. म्हणजे सगळ्यात कमी उभी राहिली तरी सव्वानऊ तास. हा आकडा बघून बायकोने वही हातात घेतली आणि स्वतः भागाकार केला. १० अँपवर सव्वानऊ तासात गाडीत १८ युनिट जातात, म्हणजे १२५ किमी, आणि आपण जास्तीत जास्त ७१ चाललोय. ती आता तयार आहे.

पण हायवेचं अजून डोक्यात बसत नाहीये. २१० किमी ४० युनिटवर होईल का? आणि अचानक निघावं लागलं, तेही संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या, तर?

हिशोबी_चालक

होईल, पण वेगावर आहे. पेट्रोलच्या गाडीला हायवेवर जास्त मायलेज मिळतं आणि शहरात कमी, इथे उलट असतं. शहरात ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी चालून थोडी वीज परत देते आणि वेग कमी म्हणून हवेचा रोध नगण्य. हायवेवर हवाच सगळं खाते. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ९० चे १२० केलेत तर पावणेदोन पटीच्या वर जातो.

माझ्या गाडीचे आकडे देतो, तुमची थोडी इकडेतिकडे असेल. ९० ला धरून चाललो की १०० किमीला साडेचौदा युनिट, १०० ला साडेसोळा, १२० ला २१. २१० किमीला ९० ने साधारण ३० युनिट लागतात. ४० मधून ३० गेले, पोचताना २५ टक्के हातात. १०० ने गेलात तर ३५ लागतात, पोचताल पण १२ टक्क्यांवर, ते मी करणार नाही, वारा समोरून असला की तेवढं सहज जातं. आणि वेळेचा फरक बघा, ९० ने २ तास २० मिनिटं, १०० ने २ तास ६ मिनिटं. वाचवलेली १४ मिनिटं पुढे चार्जरवर द्यावी लागतात.

अचानक निघायचं. सगळ्यात वाईट धरू, सकाळी ८० वर निघालात, दिवसभर ५५ किमी फिरून आलात, म्हणजे ६० टक्के, २४ युनिट. ९० ने १६५ किमी होतील पण तळाला जाऊ नका, ११०-१२० वर फास्ट चार्जर गाठायचा. तिथे १५ ते २० टक्क्यांना पोचाल, ५० किलोवॅटचा चार्जर असेल तर वीस मिनिटात ५५ च्या पुढे, आणि निघा. ८० होईपर्यंत पण थांबायची गरज नाही. ८० च्या पुढे तर अजिबात नाही, तिथून गाडी स्वतःच करंट कमी करत जाते आणि बऱ्याच गाड्यांना शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागतो, मागे रांग असेल तर तिचाही खोळंबा.

म्हणजे सगळ्यात वाईट रात्री तुम्हाला वीस मिनिटं जास्त. त्या वाटेवरचे दोन चार्जर आत्ताच, घाई नसताना, शुक्रवारच्या फेरीत वापरून बघून ठेवा. ॲपमधे पैसे भरून ठेवा, चालू असतो का, रात्री गेट उघडं असतं का ते बघा. एकावर विसंबू नका, पहिला बंद निघाला तर दुसऱ्यापर्यंत पोचेल इतकी वीज ठेवूनच पहिल्याकडे वळायचं. हा एक नियम मी चार वर्षांत मोडलेला नाही.

प्लगविना

आणि आईबाबांकडे पण एक सॉकेट असेलच की! शुक्रवारी रात्री पोचलात की लावून टाका, दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस आहे हातात. परतीच्या फास्ट चार्जिंगचा विषयच संपला.

रोजचा_फेरा

ताई तुमचं वाचून गेल्या रविवारी तिथलं सॉकेट बघून आलो. ४० ची एलएफपी बुक केली शेवटी, गाडी यायला वेळ आहे, पण एका मित्राकडून त्याचा वायरवाला चार्जर आणला होता टेस्ट करायला आणि तिथे अडकलो. प्लग लावल्या लावल्या लाल दिवा, अर्थिंगचा फॉल्ट दाखवतो. घरातलं बाकी सगळं त्याच सॉकेटवर व्यवस्थित चालतं, मिक्सर, इस्त्री, काही तक्रार नाही. ओळखीचा एक वायरमन म्हणाला पाच मिनिटांचं काम आहे, सॉकेटमधे न्यूट्रल आणि अर्थला आतून एक तुकडा जोडून देतो, दिवा हिरवा होईल. करून घेऊ का? तारजोड दादा तुम्ही सांगा.

तारजोड

अजिबात करू नका. आत्ताच्या आत्ता त्याला फोन करून नाही सांगा.

दिवा हिरवा होईल हे खरं आहे, कारण चार्जरला वाटेल अर्थ मिळाला. पण मग कुठे तरी न्यूट्रल तुटला, सैल झाला, किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, की गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट. गाडी रबरी टायरवर उभी, ती जमिनीत सोडत नाही, ती वाट बघते कोणी ओल्या पायाने दार उघडायची. तुमचे वडील, तुमची मुलगी, कोणीही. मिक्सर-इस्त्री चालते म्हणजे अर्थिंग आहे असं होत नाही दादा, त्यांना चालायला अर्थिंग लागतच नाही, ते माणसाला वाचवायला असतं. चार्जर मात्र सुरू होण्याआधी तपासतो, त्याचं कामच ते आहे. गाडी आणि चार्जरमधे एक बारीक सिग्नलची तार असते, १२ व्होल्टचा, त्यावरून चार्जर गाडीला सांगतो की इतके अँप ओढ, आणि गाडी तयार म्हटली की मगच आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा स्विच, टक करून लागतो. तो सिग्नल परत येतो तो अर्थच्याच तारेवरून. म्हणून अर्थ नसला तर तो पुढे जातच नाही आणि जाऊही नये.

मल्टिमीटर घेऊन तीन रीडिंग घ्या, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. इथे लिहा, मग सांगतो. जमत नसेल तर तिथल्या दुसऱ्या चांगल्या माणसाकडून घ्या, त्या तुकडा जोडणाऱ्याकडून नको.

रोजचा_फेरा

नाही म्हणून सांगितलं त्याला. काल परत गेलो होतो, रीडिंग घेतली: फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ ७४, न्यूट्रल-अर्थ स्थिर येत नाही, ४० ते ९० मधे हलतं.

तारजोड

अर्थची तार लोंबकळतेय कुठेतरी, जमिनीपर्यंत पोचतच नाही. फेज-अर्थ जवळजवळ २२६ च यायला हवा होता आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. घराच्या मूळ अर्थिंगपासून तपासायला लागेल, घर जुनं असेल तर पट्टी गंजून तुटलेली असते. नवा इलेक्ट्रोड पुरून घ्या, तिथून मेन बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून सॉकेटपर्यंत सलग तांब्याची तार. बरोबर आरसीसीबी पण बसवून घ्या, पूर्ण घरालाच. झाल्यावर तीच तीन रीडिंग परत घ्या.

रोजचा_फेरा

झालं. दोन दिवस गेले, अंगणातली एक फरशी काढावी लागली. जुनी पट्टी वर काढली तर हातात तुकडे आले, बोर्डापासून फुटभर खालीच तुटलेली होती. म्हणजे आईबाबा किती वर्षं अर्थिंगशिवाय राहत होते देव जाणे, त्या घरात गिझर आहे, वॉशिंग मशीन आहे. आईला मधे एकदा मशीनला हात लावला की मुंग्या येतात म्हणाली होती आणि मी हसण्यावारी नेलं होतं, ते आता राहून राहून आठवतंय.

आजची रीडिंग: २२७, २२६, १.४. चार्जर लावला, दोन सेकंदांनी हिरवा.